व्याह्यांचा नेम

सत्तावीस साली मांडवीच्या पुळणीवर नेमबाजीच्या शर्यती ठरल्या, आणि त्यांचे पंच तयार करायचं काम पेन्शनर सुभेदार काशीराम साळव्यांनी अंगावर घेतलं. परीक्षेच्या दिवशी त्यांनी स्वतःच बार काढला; तो लागला की चुकला, हे उमेदवारांनी सांगायचं. भोक निशाणाच्या काळ्या वर्तुळाच्या चांगलं बोटभर बाहेर पडलं. पण सुभेदारांना चुकलात म्हणणार कोण? एकेक उमेदवार “लागला, लागला” म्हणत मान डोलवून गेला.

शेवटी भिकाजीची पाळी आली. त्याची लेक मालन सुभेदारांच्याच घरी दिलेली. मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे तोंड उघडायचं नसतं, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? त्याने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

“चुकला.”

“शाबास!” सुभेदार गरजले. “मी मुद्दामच चुकवला होता. बाकीचे सगळे नापास!” आणि त्यांनी पंचाचा पितळी बिल्ला भिकाजीच्या कोटाला लावला. “आता बघा, खरा नेम कसा असतो तो!”

दुसरा बार निशाणाच्या फळीलाही शिवला नाही, थेट समुद्रात गेला. सगळे भिकाजीकडे बघू लागले.

“चुकला,” भिकाजी म्हणाला. मग त्याने बिल्ला काढून खिशात टाकला, हात जोडले आणि अदबीने विचारलं, “हाही मुद्दामच ना, व्याहीबुवा?”