मरून ठिपके

माणसावर विश्वास ठेवू नये, हे मी शाळेत कुणाला शिकवलं नाही, पण स्वतः मात्र शाळेतच शिकलो. तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली अठरा वर्षं दहावी-बारावीच्या परीक्षेला भरारी पथकात फिरलो. मोज्यातून, पट्टीच्या मागून, एकदा तर डब्यातल्या थालीपिठाच्या घडीतून कॉपी काढलेला माणूस आहे मी. असा माणूस आपली पेटी मेकॅनिकच्या ताब्यात देऊन घरी निवांत झोपेल का?

पेटी म्हणजे माझ्या गिटारचा अँप्लिफायर. बाहत्तर सालचा, विलायती, आत काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत बल्बसारखे असायचे तसले. वेरूळ बघायला आलेल्या एका गोऱ्या पोराचे परतीच्या तिकिटाचे वांधे झाले, तेव्हा तो ती माझ्या मामाला विकून गेला आणि मामानं ती मला दिली. तरुणपणी आमचा ऑर्केस्ट्रा होता. मी गिटार वाजवायचो आणि बिडकीनचा माझा मित्र कारभारी माइक-वायरी सांभाळायचा. ऑर्केस्ट्रा मोडला, केस गेले, पण पेटी आणि कारभारी टिकले. पैठण रोडला त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपापासून मिक्सरपर्यंत सगळं तो दुरुस्त करतो, आणि माझी पेटी नुसत्या चहावर.

यंदा त्याच्या मुलीचं, तनुजाचं लग्न ठरलं. ती लहानपणापासून म्हणायची, "काका, माझ्या हळदीला तुमचीच गिटार पायजे. डीजे नाय." मी शब्द देऊन बसलो होतो. पेटी बाहेर काढली, तर ती खरखरायला लागली. कारभारीनं साफ करून दिली, छान वाजली. आठ दिवसांनी पुन्हा खरखर.

दुसऱ्यांदा न्यायच्या आदल्या दिवशी मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक दाढीवाला सांगत होता की, जुन्या व्हॉल्व्हना आता सोन्याचा भाव आलाय आणि मेकॅनिक लोक ते हळूच काढून घेतात. झालं. माझ्यातलं भरारी पथक जागं झालं.

खूण करायची, पण कुठं? काचेवर केली तर चोराला दिसणार. म्हणून मी व्हॉल्व्ह उपटले आणि त्यांच्या बुडाला ज्या बारीक पिना असतात, त्यांना एकेक ठिपका दिला. त्यासाठी बायकोची, मनस्विनीची मरून नेलपॉलिशची बाटली घेतली. कारभारी जिवलग खरा. पण मी सख्ख्या भाच्यालाही कॉपी करताना धरलेलं आहे.

दोन दिवसांनी त्यानं दुकानावर बोलावलं. पेटी काउंटरवर होती. लावून पाहिली, तर ठार मुकी.

"शिनू," तो म्हणाला, "ह्यो बिघाड माझ्या हातानं निघायचा नाय. घेऊन जा."

"अरे, गेल्या खेपेला तर वाजत होती!"

"व्हय. तवा वाजत व्हती."

एवढं बोलून तो माझ्याकडं न बघता मोटरीला तार गुंडाळत राहिला. नजर चुकवत होता! नजर चुकवणारी हजारो पोरं मी पाहिलीत आणि प्रत्येकाच्या मोज्यात काही ना काही निघालंय. घरी येऊन व्हॉल्व्ह तपासले, तर माझे ठिपके जागच्या जागी. यावरून शहाण्या माणसानं जे ओळखलं असतं, ते मी ओळखलं नाही. मी ठरवलं की चोर हुशार आहे, त्यानं खूण नसलेली वस्तू बदलली. तसं मी त्याला फोन करून स्पष्ट सांगितलं. "बरं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

त्या "बरं"चं मला फार वाईट वाटलं, पण चोराचं वाईट कशाला वाटून घ्यायचं, म्हणून मी ते दाबून टाकलं आणि शहरात विश्वासू मेकॅनिक शोधायला निघालो. प्रत्येक दुकानात जाण्याआधी खुणा वाढवत गेलो. टीव्ही सेंटरजवळच्या एकानं पेटी न उघडताच "ट्रान्सफॉर्मर गेला" म्हणून सांगितलं. शहागंजातल्या चाचांनी निदान उघडून तरी पाहिली. ठिपके दिसताच त्यांनी चष्मा लावला. "असली माल है, सर. कंपनी लाल सील मारको दी है. इसकू हात नक्को लगाओ." मला इतका अभिमान वाटला की मी खरं सांगितलंच नाही.

तोवर तारा, खटके, स्क्रू, पेटीचे चारही कोपरे, सगळ्यांना ठिपके लागले होते. बाटली संपली. "माझी मरून बाटली कुठं दिसत नाही," असं मनस्विनी दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी पेपरात डोकं घातलं.

लग्नाला पाच दिवस राहिले तेव्हा तनुजा स्वतः पत्रिका घेऊन आली. "बाबा काय बोलंनात, तुमी बी बोलंनात. पण काका, पेटी घेऊन येताय ना?"

"येतोय," मी म्हणालो. मनात म्हटलं, येतोय आणि तुझ्या बापाच्या नाकावर टिच्चून वाजवतोय.

गंगापूरच्या मोनिकाचं नाव कुणीतरी सांगितलं. लग्नसराईत अर्ध्या तालुक्याचे डीजे तिच्याकडं दुरुस्तीला येतात म्हणे. पेटी मांडीवर आणि गिटार बगलेत घेऊन मी एसटीनं गंगापूर गाठलं. मोनिका असेल तिशीची. तिनं मागची फळी काढली, आत बॅटरी मारली आणि हसायलाच लागली.

"सर, हिची हळद झाली का काय?"

"ते कंपनीचं सील आहे," मी गंभीरपणे म्हणालो.

तिनं एक व्हॉल्व्ह उपटला आणि पीन नखानं खरवडली. "कंपनीचं? सर, हे नेलपॉलिश हाय. मरून. माझ्याकडं बी हाय. कुण्या येड्यानं पिनांला लावलं? नेलपॉलिशातून करंट कसा जाईल?"

येड्यानं छताच्या पंख्याकडं पाहिलं. तिनं पर्समधून रिमूव्हर काढला आणि कापसाच्या बोळ्यानं एकेक पीन पुसली. मग गिटार जोडली. पेटी अशी घुमली की समोरच्या रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. खरखरीचं नाव नाही.

"खरखर म्या नाय काढली हां," मोनिका म्हणाली. "ती आधीच्यानं काढलीय. हे सोल्डरिंग बघा, कसं मोत्यावानी हाय. असला कारागीर सोडून तुमी गंगापूरला कशाला आलात?"

मी पैसे मोजले आणि पेटी उचलली. परतीच्या एसटीत मला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

हळदीच्या दिवशी मी आणि मनस्विनी बिडकीनला गेलो. वाटेत मी तिला सगळं सांगून टाकलं. ती वाटभर हसली आणि मग म्हणाली, "आधी त्यांची माफी मागा, मग माझी बाटली आणा."

कारभारी मांडवाच्या दारातच उभा होता. मी भाषण पाठ केलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "कारभारी, पिनांना नेलपॉलिश मी लावलं होतं."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"पेटी उघडली तवापासून. घरात बायको हाय, पोरगी हाय. मला नेलपॉलिश कळंना व्हय?"

"मग पुसलं का नाहीस?"

"खरखर काढली, अन् पुसाया घेतलं व्हतं. मग ध्यानात आलं, हे कशापायी लावलंय. म्होरं हातच चालंना." त्यानं या वेळी नजर चुकवली नाही. "चाळीस वर्सं तुझ्या वायरी सांभाळल्या, शिनू. अन् तू माझ्यावर पथक सोडलंस?"

आयुष्यात पहिल्यांदा मी पकडला गेलो होतो. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. "चुकलो," म्हणालो.

"काका, वाजवा की!" पाटावरून तनुजा ओरडली.

कारभारी पाठ फिरवून तिच्याकडं गेला. मला वाटलं, संपलं. पण तो वळला, तेव्हा त्याच्या बोटावर हळद होती. त्यानं माझ्या दोन्ही गालांवर, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर एकेक ठिपका दिला.

"हे काय?" मी विचारलं.

"खूण," पेटीची वायर लावायला खाली वाकत तो म्हणाला. "जुना माल हाय. कुनी बदलून न्येला, तर मला दुसरा कुठं घावायचा?"