शेजारच्या सीटवरून

शोरूममधल्या मुलीने अदबीने गाडीचं दार उघडून धरलं. "बसून बघा ना, काका."

काका बसले, पण भलत्याच बाजूला. मुलीने उघडलेल्या दारापुढून वळसा घालून ते पलीकडे गेले, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर टेकले, डोळे मिटले आणि एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर कलत राहिले. मग सीटच्या कडेला अंगठा खुपसला.

"स्पंज बरा आहे," ते म्हणाले. "शिवण मात्र घाईत मारलीय."

"काका, स्टिअरिंग इकडे आहे."

"दिसलं मला."

मुलीने काकांच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे मदतीसाठी बघितलं. बाईने खांदे उडवले. "मागच्या दोन शोरूममध्येही हेच केलं त्यांनी. गाडी बघायला आलेत की खुर्ची, देव जाणे."

सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, माणूस ज्याच्यावर बसतो ते सगळं शिवून द्यायचं हा या काकांचा धंदा. आख्खी गल्ली त्याला गादीवाला म्हणायची. आणि खांदे उडवणारी बाई त्याची मेहुणी, पोहायला शिकवणारी. दिवसभर तलावाच्या काठावरून ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की तिने कानात काही सांगितलं तरी शेजारच्या टेबलावर ऐकू जायचं.

गादीवाल्याला गाडी घ्यायची होती ती हिंडायला. दुकान ते घर एवढ्यासाठी त्याचे पाय पुरेसे होते. पण सुट्टी आली की तो आणि बायको गावाबाहेर पडायचे. कधी तळ्यावर, कधी टेकडीवर, कधी नुसतं रस्ता संपेल तिथवर. तंबू, सायकली, फुगवायची होडी, सगळं बायकोच्या जुन्या गाडीत कोंबलेलं. चालवायची ती. त्याला येत नव्हतं, तिला येत होतं आणि आवडतही होतं, तेव्हा प्रश्नच मिटला होता. गेल्या वर्षी ती गेली. तिच्यामागोमाग गाडीही बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून मेहुणी अधूनमधून त्याला तळ्यावर न्यायची. आता तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, आणि पुढच्या आठवड्यात ती निघणार होती.

त्याने या वयात ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं होतं. पण तो स्वतःला ओळखून होता. मेहुणी जायच्या आत गाडी घेतली नाही, तर "बघू पुढे" म्हणत तो कधीच घेणार नव्हता. मग दुकानाची मागची खोली, कापूस, स्पंज आणि तो. पाण्यावर होडी सोडायची नाही, चिखलाचे बूट उन्हात वाळवायचे नाहीत.

"डिकी उघड," तो मुलीला म्हणाला.

तिने बटण दाबलं, झाकण आपोआप वर गेलं. गादीवाला वाकून आत बघत राहिला, मग बाहेर जाऊन मेहुणीच्या गाडीतून एकेक सामान आणू लागला. आधी तंबू. मग वल्ही. मग होडीची गुंडाळी, तिला अजून तळ्याचा वास. चकचकीत फरशीवर वाळूची रांग उमटली.

"काका, डिकीचं माप लिहिलेलं आहे माहितीपत्रकात," मुलगी कासावीस होऊन म्हणाली.

"असेल. पण कापड सोफ्यावर टाकून बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

सामान आत मावलं. पांढरी, लांबलचक, ऐटबाज गाडी होती ती. मागच्या सीटा पाडल्या तर सायकलीही मावल्या असत्या. मग तो स्वतः आत शिरला आणि होडीशेजारी उताणा झोपला. तिथून त्याने विचारलं, "हा गालिचा निघतो का? भिजला तर?"

"भिजणार कशाने?"

"मी ओला असतो ना."

मुलगी नवी होती, पण हिकमती होती. "काका, तुमच्यासारख्यांसाठीच आहे ही. लाइफस्टाइल गाडी म्हणतात हिला."

"म्हणजे?"

"म्हणजे... माणसाने कसं जगावं, त्याला शोभेलशी."

"ते गाडी सांगणार का?" मेहुणी म्हणाली. "आमच्या भावोजींना इतकी वर्षं ताई सांगायची. आता गाडीवर जबाबदारी."

गादीवाला डिकीत पडल्या पडल्या हसला. मग उठला आणि परत शेजारच्या सीटवर जाऊन बसला. खिडकीची कड त्याच्या कोपराला बरोबर लागत होती. थर्मास ठेवायला खाच होती. पुढची काच एवढी मोठी की आभाळ गुडघ्यावर यावं. गाडी पसंत पडली होती. एवढी चांगली सीट त्याने स्वतःही कुणाला शिवून दिली नव्हती.

"हीच," तो म्हणाला.

मेहुणीने पलीकडचं दार उघडलं, वाकली, आणि तिच्या मानाने फारच हळू आवाजात विचारलं, "भावोजी, गाडी छान आहे. तुम्ही तिथे बसणार. मग इथे कोण बसणार?"

गादीवाला रिकाम्या स्टिअरिंगकडे बघत राहिला. ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती असं नाही. ती तो डोक्यात येऊच देत नव्हता. लायसनच्या परीक्षेची गाडी परक्याची, तिथे कुठेही बसलं तरी चालत होतं. ही घरची होणार होती. घरच्या गाडीत त्या जागेवर बायको बसायची.

"मला गाड्या इथूनच कळतात गं," तो म्हणाला.

"कळू देत. उठा."

मेहुणीने त्याला दंडाला धरून उठवलं, पोहायला घाबरणाऱ्या मुलांना ती पाण्यात ढकलायची तसं पलीकडे बसवलं, आणि स्वतः शेजारी बसली. शोरूमची मुलगी मागच्या सीटवर बसली. शोरूममागून एक रस्ता धरणाच्या भिंतीकडे चढत जायचा, तिथे शोरूमवाले लोकांना गाडी चालवून बघायला न्यायचे.

गादीवाला निघाला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं, जणू कुणी हिसकावून नेईल. पहिलं वळण आलं आणि गेलं. दुसरं आलं.

"भावोजी, बगळे! केवढा थवा, अहो बघा!"

"हो, हो. वा!" तो म्हणाला. त्याची नजर वळणावर होती.

आणखी थोडं पुढे गेल्यावर त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वा" असं कोण म्हणायचं? ती म्हणायची. शेजारी बसून तो सगळं दाखवत असायचा. तो बघ पाणकावळा, ती बघ पोरं झाडावरून उडी मारतायत, तो म्हातारा बघ गाढवाशी भांडतोय. आणि ती, "हो, हो. वा! केवढा!" आताच्या त्याच्याच स्वरात.

"ताईला बाहेरचं दिसायचं का गं?" त्याने विचारलं.

"कुठलं बाहेरचं?"

"मी दाखवायचो ते. वळणावळणावर."

"वळणावर मान वळवली असती तर तुम्ही दोघं दरीत नसता का गेलात?" मेहुणी हसली. "पण मला फोनवर सगळं सांगायची हं ती. आज गाढव दिसलं, आज अमुक पक्षी."

"मग दिसलं कसं तिला?"

"तुम्ही सांगायचात ना, भावोजी. तेच मला सांगायची. मीठमसाला लावून."

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की दोघांनी मिळून हे सगळं बघितलं. बघितलं होतं एकट्याने. तिने रस्ता बघितला होता, आणि उरलेलं त्याच्या तोंडून. कधी तक्रार नाही, "जरा थांबूया" नाही. का थांबली नाही ती? त्याला राग आला नाही, वाईटही पुरतं वाटलं नाही. कोडंच पडलं. आणि त्याच्यामागून एक साधी गोष्ट डोळ्यांपुढे आली: पुढच्या आठवड्यापासून शेजारची सीट रिकामी असणार. त्याला कोण सांगणार बगळे कुठे आहेत ते?

त्याने गाडी कडेला घेतली. म्हणजे घ्यायला गेला. नाक कडेला गेलं, शेपूट रस्त्यातच राहिलं. मागून येणाऱ्या ट्रकने असा हॉर्न दिला की मुलगी सीटवर आडवी झाली.

"काका, इथे थांबता येत नाही हो!"

"हिला येत नाही," गादीवाला म्हणाला. घामाघूम झाला होता तो. "दुसरी दाखव."

"अहो, एवढी आवडली होती!"

"शेजारच्या माणसासाठी आवडली होती."

परत आल्यावर त्याने सीटला हात लावला नाही. शोरूमच्या कोपऱ्यात एक आखूड गाडी उभी होती, बुटाच्या खोक्यासारखी चौकोनी, रंग हळदीचा. मुलीने ती दाखवलीच नव्हती, काकांच्या वयाला शोभणार नाही म्हणून. आत गालिचा नव्हता, नुसतं रबर, पाइप धरून धुता येईल असं. टपावर सायकली बांधायला दांड्या. मागची एक सीट पाडली आणि होडी, तंबू, वल्ही बसली, पण वल्ह्याचं टोक पुढच्या दोन सीटांच्या मधोमध आलं.

"हे तुम्हाला टोचणार," मेहुणी म्हणाली.

"बांधीन स्पंज."

तोच रस्ता, तीच वळणं. या वेळी गादीवाला मुकाट्याने स्टिअरिंगच्या बाजूने चढला. पहिल्या वळणाच्या पुढे त्याने गाडी कडेला घेतली. पूर्ण आत गेली. रस्ता मोकळा. परत निघाला. दुसऱ्या वळणापुढे पुन्हा थांबला. तिसऱ्यापुढे दगडांमध्ये जेमतेम खाच होती, तिथेही त्याने गाडी घुसवली.

"काका, काही बिघडलं का?" मागून काळजीचा आवाज आला.

"छे. थांबते कशी ते बघतोय."

"लोक पळते कशी ते बघतात."

"पळू दे त्यांना."

"भावोजी, या चालीने तुम्ही तळ्यावर पोचणार दिवस बुडाल्यावर," मेहुणी म्हणाली.

"मग राहीन तिथेच. तंबू आहे की."

भिंतीच्या अलीकडे पाणी दिसू लागलं तिथे तो आणखी एकदा थांबला. या वेळी इंजिन बंद केलं, उतरला आणि काठाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बगळे आता पाण्याच्या कडेने चालत होते. त्यातला एक चिखलात पाय अडकून कसाबसा उडाला, आणि गादीवाला मोठ्याने हसला.

आत मुलीने मेहुणीला हळूच विचारलं, "ताई, घेतील का हो ही गाडी?"

"आतापासूनच घरच्यासारखी उघडी टाकून निघून जातायत," मेहुणी म्हणाली. "घेतली समज."

काठावरून गादीवाला हात करत होता.

"अगं, उतरा की दोघी! तिथे बसून काय दिसणार आहे?"