दोन कुलपांची पत्रपेटी

मी एक जुनी पत्रपेटी आहे. एका दैनिकाच्या कचेरीबाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीशी, भिंतीला चार खिळ्यांनी ठोकलेली. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला सांगते खरी, पण आधी जरा उजेडात सरकून बसा. समोर कोण आहे हे पाहिल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. संशयी म्हणाल तर म्हणा. तीस वर्षं भिंतीला चिकटून लोकांचे हात बघत बसला असतात, तर तुम्हीही स्वतःच्या सावलीला दोनदा विचारलं असतं की बाई, तू कोणाची?

माझा जन्म पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. जुन्या ट्रंकेचा पत्रा कापून त्याने मला घडवलं. माझ्या फटीच्या आत त्याने आतल्या बाजूला वळलेली एक जीभ बसवली. पत्र सरळ आत सरकतं, पण बोटं घालून ते परत ओढायला गेलं तर बोटं सोलवटतात. मला न्यायला दैनिकाच्या संपादक स्वतः आल्या होत्या. लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी जीभ दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "कुलपं दोन लावा."

"दोन? एवढं काय सोनं ठेवणार आहात यात?" कारागीर हसला.

"सोनं असतं तर एकच पुरलं असतं," ताई म्हणाल्या.

एक चावी ताईंकडे राहिली. दुसरी गेली कचेरीच्या शिपायाकडे, म्हणजे काकांकडे. काकांना अक्षरओळख नव्हती, हजेरीपत्रकावर ते अंगठा उठवायचे. चावी त्यांना दिली ती मुद्दाम त्यासाठीच. रोज दुपारी बाराला दोघांनी मिळून मला उघडायचं, एकट्याने नाही. पत्रातला मजकूर ताई आपल्या हाताने वहीत उतरवायच्या आणि मूळ पत्र तिथेच, चहाच्या स्टोव्हवर धरायच्या. अक्षरावरून माणूस ओळखता येतं, राखेवरून नाही. हा त्या कचेरीचा नेम होता.

दुसरा नेम मला फार लागला होता. पेटीच्या भरवशावर एक ओळही छापायची नाही! मी रुसलेच होते. पण हळूहळू कळलं, माझ्या पोटात काय काय येतं ते. भाऊबंदकीचा राग येतो, उधळलेल्या लग्नाचा सूड येतो, शेजाऱ्याच्या नव्या गाडीची जळजळ येते, आणि सगळ्यांच्या खाली सही एकच: 'एक हितचिंतक'. तेव्हापासून हितचिंतक म्हटलं की माझा पत्रा थंड पडतो.

खरंखोटं पाहायला बातमीदार होता. त्याला सगळे भुंगा म्हणत, कारण एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की पोखरल्याशिवाय सोडायचा नाही. दहा पत्रांतली नऊ तो खोटी ठरवायचा. दहावं छापून आलं की लोक जिन्यापाशी थांबून एकमेकांना सांगत, "पेपरवाले आहेत म्हणून बरं." पण हीच माणसं, बातमी त्यांच्या मामाच्या दुकानातल्या खोट्या वजनांची निघाली की माझ्या फटीत चिखल भरायची. शेजाऱ्याचं छापलं तर पेपर खरा, आपलं छापलं तर विकलेला. माझ्या अंगावर कोळशाने हा शब्द तीनदा लिहिला गेला आहे. काका फडक्याने पुसायचे आणि पुटपुटायचे, "अक्षर कसंही असो, शिवी असणार एवढं कळतं."

असेच दिवस चालले होते. मग एका सकाळी एक हात आला. हात कसा होता ते विचारू नका. लहान की मोठा, बांगडीचा की घड्याळाचा, काहीही सांगणार नाही. फटीशी तो दोनदा येऊन परत गेला आणि तिसऱ्या वेळी पत्र सोडून गेला, एवढंच पुरे.

त्या महिन्यात उतारावरच्या वस्तीत घरोघर मुलं उलट्यांनी आजारी होती. पत्रात लिहिलं होतं की त्या वस्तीला पाणी देणाऱ्या टाकीत पाणी शुद्ध करायचं औषध दोन महिने पडलेलंच नाही. तपासणीची वही मात्र आठवडा आठवडा आधीच भरून ठेवतात. खाली हितचिंतक नव्हता. खाली खरं नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं, 'हे कळलं तर माझं काही खरं नाही.' पाणीखात्याच्या तपासणीच्या खोलीत तिघंच कामाला होती, त्यातलंच हे एक माणूस.

ताईंच्या तोंडून ते नाव नकळत मोठ्याने निघालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भुंगा शेजारी होता, त्याने ऐकलं. काका कुलूप लावत होते, त्यांनीही ऐकलं. ताईंनी जीभ चावली आणि पत्र स्टोव्हवर धरलं.

भुंग्याने बारा घरांच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून परगावी तपासायला पाठवलं. पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. आता राहिलं ते दुसरी बाजू विचारणं. ज्याच्याविरुद्ध छापायचं त्याला आधी विचारायचं, तेही नेमक्या शब्दांत, मोघम नाही, अशी त्याची शिस्त. तो पाणीखात्याच्या साहेबांना भेटून आला आणि पायरीवरच ताईंना सांगू लागला.

"चांगलं धारेवर धरलं. म्हटलं, चार नंबरच्या टाकीत औषध का पडत नाही, तेवढं सांगा."

ताई थबकल्या. "चार नंबर म्हणालास?"

"हो. पत्रात तसंच होतं ना?"

"अरे, बाहेर सगळे तिला टेकडीवरची टाकी म्हणतात. चार नंबर फक्त त्यांच्या वहीत असतं."

भुंगा मटकन पायरीवर बसला. नेमकेपणाच्या नादात त्याने साहेबांना सांगून टाकलं होतं की बातमी वही हाताळणाऱ्या तिघांपैकी एकाने फोडली आहे. मला त्याचा इतका राग आला की चावी लागू दिली नसती.

बातमी छापून आली. वस्तीत लोक पाणी उकळून पिऊ लागले. चौथ्या दिवशी पोलीस चौकीतून हुकूम आला: पत्र हजर करा. पत्र जाळल्याचं सांगितलं, तर "आम्ही काय दुधखुळे वाटलो?" म्हणत त्यांनी मलाच भिंतीवरून उपटलं. भुंग्याला तीन दिवस चौकीच्या बाकावर बसवून एकच प्रश्न विचारला, कोणी लिहिलं? औषध का पडलं नाही, हे कोणी कोणालाच विचारलं नाही. आणि त्याच्याच बातमीमुळे पाणी उकळून पिणारी माणसं चौकीवरून जाताना म्हणत होती, "काहीतरी केलं असेल, उगाच कोणाला बसवतात का?"

मला मात्र संशय होता तो काकांचा. सांगायला लाज वाटते, पण होता. मला नेण्याआधीचे तीन दिवस साहेबांचा ड्रायव्हर त्यांना कोपऱ्यावर बोलावून काहीतरी सांगत होता. परत आले की काका कोणाशी बोलत नसत, कुलपाचं भोकही त्यांना सापडत नसे. त्यांचा जावई पाणीखात्यात पंपावर रोजंदारीला होता. मी मनात म्हटलं, झालं, हेच फुटणार. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

चौकशीच्या खोलीत मला पुरावा म्हणून चिठ्ठी बांधून टेबलावर ठेवलं होतं. ताई बोलल्या नाहीत, भुंगा बोलला नाही. मग काकांना बोलावलं.

"वाचता येतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही."

अधिकारी कागद मिटणार, एवढ्यात बाजूला बसलेले पाणीखात्याचे साहेब पुढे झुकले. "पण नाव ऐकलं तर असेल?"

नाही म्हणाले असते तर सुटले असते. पण खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"ऐकलं," काका म्हणाले.

"मग सांगा."

"नाही सांगत."

"तुमचे जावई आमच्याकडे आहेत ना? ड्रायव्हरने तुम्हाला समजावलं होतं की नाही?"

"समजावलं होतं. तीनदा." काकांनी दोन्ही हात टेबलावर माझ्या शेजारी टेकले. "साहेब, जावई माझे आहेत. त्यांचं वाईट झालं तर मी त्यांचे पाय धरीन. पण ते लेकरू माझं नाही. दुसऱ्याच्या लेकराचं वाईट करायचा हक्क मला कोणी दिला?"

लेकरू म्हणाले. मुलगा की मुलगी, एवढंसुद्धा त्यांनी कळू दिलं नाही. तिघांतलं कोण ते साहेबांना शेवटपर्यंत समजलं नाही. मित्रांनो, मी पत्र्याची नसते तर त्या टेबलावर ढसाढसा रडले असते. ज्याला अक्षर येत नाही, त्या माणसाला मी फितूर समजले होते.

दुसऱ्याच दिवशी जावयाचं काम गेलं. टाकीत औषध पडू लागलं, वस्तीतली मुलं बरी झाली, आणि ते लिहिणारं माणूस अजून त्याच खोलीत पाणी तपासतं. वर्षाने मला पोचे पडलेल्या अंगाने परत आणून जिन्याशी ठोकलं. आता लोक फोनवरूनच सगळं धाडतात. माझ्या पोटात येतात ती गाद्यांच्या सेलची पत्रकं. तक्रार नाही. पण भुंगा जिना चढताना अजून कोणीतरी मागून ओरडतं, "विकले गेलेले लेकाचे!" तेव्हा मी त्या माणसाचा चेहरा नीट पाहून ठेवते.

संशय वाईट नसतो, मित्रांनो. बातमीवरही घ्या, पेपरवाल्यांवरही घ्या, ताई स्वतःवरही घ्यायच्या. पण 'हे खरं आहे का?' विचारणारा वेगळा आणि 'हे कोणी सांगितलं?' विचारणारा वेगळा. हा दुसरा आला की सावध व्हा. आणि कोणी बातमीदार कुठल्या बाकावर बसवलेला दिसला तर मान खाली घालून पुढे जाऊ नका. निदान थांबा.

मध्यंतरी एकदा काकांची लेक त्यांचा डबा घेऊन आली होती. जावयाला अजून धड काम नाही. ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आता तरी सांगा ना, कोणासाठी आमचं असं झालं? मी कोणाला सांगणार आहे?"

"तू नाही सांगणार गं," काका म्हणाले. "पण ते माणूस रस्त्यात दिसलं की तुझे डोळे सांगतील."

तिने डबा उघडला, बापाच्या हातात घास दिला, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.