बाळाच्या अंगठ्यावरचा पहारेकरी

तान्ह्या बाळाच्या पायाचा अंगठा जेमतेम वाटाण्याएवढा असतो. त्यातून लाल प्रकाश सोडला की तो आरपार जातो आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते कळते. मात्र बाळाने पाय झाडला की मोजणी चुकते. एवढी साधी गोष्ट. पण एका बापाच्या डोक्यात ती शिरता शिरेना!

मित्रांनो, मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. कारखान्यात जन्मलो, दवाखान्यात वाढलो. "दिसायला जुना, पण भरवशाचा," असे डॉक्टरीणबाई माझ्याबद्दल सांगत, तेव्हा माझा दिवा जरा जास्तच उजळे.

एकदा एक बाप अनवाणी धावत आला. छातीशी धरलेल्या बाळाचे ओठ निळे पडले होते. बाळ त्या जिवावरच्या दुखण्यातून वाचले. घरी जाताना डॉक्टरीणबाईंनी मला सोबत दिले. "थोडे दिवस लावा, मग परत आणून द्या."

ते थोडे दिवस काही संपेनात! आधी थंडी होती, मग बाळाला दात येत होते, मग 'पुढच्या सोमवारी नक्की' होते. सोमवार येत आणि जात.

बाळाने खुशीत पाय झाडला की मी ओरडे. बाप हातातला घास टाकून धावे आणि बाळाला उचलून घेई. ते कुशीवर वळले, उचल. पालथे पडायला निघाले, उचल. अरे बाबा, ते खेळते आहे! पण सांगणार कसे? मला टूं टूं याखेरीज काही येत नाही.

"दादा, अंडं उबवतोयस का?" आत्या म्हणाली. "ठेव की त्याला खाली!"

"त्या दिवशी तू नव्हतीस इथे," बाप म्हणाला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आई त्यावरूनच वैतागली. "घंटा वाजली म्हणजे लिफ्ट पडत नाही, असं अख्ख्या गावाला सांगत फिरतोस. मग घरातच काय होतं तुला?"

"लिफ्टमध्ये माझं पोर नसतं."



शेवटी तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बाळाला टेबलावर पालथे ठेवले. ते तसेच पडून राहिले आणि उचलून घेण्याची वाट पाहू लागले. "छाती ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "पाय मात्र मागे पडलेत. तुम्ही त्याला हलूच देत नाही. असंच चाललं तर रांगणार कधी हा?"

मित्रांनो, आमची निगा जरूर राखा. वायर पिळू नका, काच पुसत जा. पण माझ्या आकड्याआधी बाळाचा चेहरा पाहा. मी अंगठा मोजतो. बाळ मोजणे माझ्या आवाक्यात नाही.

घरी आल्यावर आईने जमिनीवर चादर अंथरली आणि बाळाला पालथे ठेवले. त्याने एक गुडघा पोटाखाली ओढला, पाय ताणला. झाले, मी बोंबललो! बापाचे हात पुढे झाले आणि मध्येच थांबले. तो खाली वाकला. बाळाचे ओठ गुलाबी होते, आणि बाळ धापा टाकत हसत होते. माझा आरडाओरडा चालूच होता.

"अगं," बाप म्हणाला, "काढ ते त्याच्या पायातलं. आत्ताच परत देऊन येतो."