रबियाचा व्हिएन्नाचा कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा कोट आहे आणि माझं सारं आयुष्य दोह्यात गेलं. हसलात ना? हसा. मे महिन्यात जिथे गाडीच्या दाराची मूठ हाताला धरवत नाही, तिथे गुडघ्यापर्यंतचा कोट! दुकानातली गिऱ्हाइकंही मला बघून अशीच हसायची.

माझा जन्म लुधियानातला. तिथल्या कारखान्यात मला कापलं, शिवलं, आतून मऊ काळं अस्तर लावलं आणि कोणा शहाण्याने कतारला जाणाऱ्या गठ्ठ्यात टाकलं. दोन वर्षं मी दुकानात धूळ खात टांगलेला होतो. मग एका दुपारी रबियाने मला हँगरवरून काढलं, माझी बाही गालाला लावून पाहिली आणि घासाघीस न करता घरी नेलं. रबिया रत्नागिरीकडची. तिचा नवरा जहूर मालवाहतुकीच्या एका कंपनीत क्लार्क होता आणि मुलगी अलिना तेव्हा चार वर्षांची होती. त्याच्या ऑफिसकडून घरी आलेल्या कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या पानावर व्हिएन्ना शहराचं चित्र होतं, बर्फ आणि लाल ट्राम. मार्च संपत आला तरी रबिया ते पान उलटू देईना. शेवटी जहूर म्हणाला, "बरं, पुढच्या साली तुना नेतो व्हिएन्नाला. इन्शाल्ला."

पुढच्या साली त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या साली गावच्या घराचं छप्पर, मग त्याच्या अम्मीचं ऑपरेशन. कारणं सगळी खरीच होती, त्यामुळे तिला भांडताही येत नसे. मी दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात लटकत राहिलो.

आणि मग मला न्यायला लोक येऊ लागले. दोह्यात थंडीचा कोट विकत घेणं म्हणजे फुकटची हौस. शहाणी माणसं तो उसना नेतात. पहिल्या आल्या सांगलीच्या दुर्गावहिनी. "रबियाताई, तुमचा कोट पडूनच आहे ना? आठवडाभर देता का? व्हिएन्नाला चाललोय." रबियाने दिला. अकरा वर्षांत मी सात वेळा व्हिएन्नाला जाऊन आलो, सात वेगवेगळ्या बायकांच्या अंगावर. माझ्या मालकिणीने मात्र ते शहर माझ्या फोटोंतच पाहिलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच.

परतलेल्या प्रत्येकीला रबिया चहा पाजायची आणि खोदून खोदून विचारायची. उत्तरं ती अलिनाच्या जुन्या वहीत लिहून ठेवायची. दोनतीन वर्षांत तिला इतकं ठाऊक झालं, की जाण्याआधी बायका तिच्याकडे सल्ल्यालाच येऊ लागल्या. आणि ती सांगायची, अगदी रोज ट्रामने फिरणाऱ्या बाईसारखी. कागदाचं तिकीट नुसतं घेऊन चालत नाय, मशिनीत शिक्का मारून घ्यायचा, नायतर चेकर दंड करतो. रविवारी दुकानं बंद, दूध-पाव शनिवारीच आणून ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या. विकतची बाटली घेतलीत तर गॅसवाली निघते आणि पोरं थुंकतात. म्युझियमात जाड कोट बाहेर जमा करावा लागतो, तेव्हा पासपोर्ट कोटाच्या खिशात ठेवू नका. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा. कॅफेत एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाय. आणि टॉयलेटात पाण्याची सोय नसते, एक रिकामी बाटली बॅगेत असू दे. हे शेवटचं ती अगदी हळू आवाजात सांगायची.

पण सगळ्यांत पहिला सल्ला ठरलेला असे. "आधी तुमच्या रेसिडेन्सी कार्डाची तारीख बघा. परत आल्यावर पुढे तीन महिने तरी ते चालू पायजे. नायतर व्हिसावाले फाइल घेत नायत."

बायका मान डोलवायच्या, मला पिशवीत भरायच्या आणि जिन्यात पोचल्या की हसायच्या. "स्वतः कधी गेली नाही, पण ऐट बघा!" पिशवीतून मला सगळं ऐकू यायचं. जहूरही पाहुण्यांत म्हणायचा, "आमची बायको न जाता गाईड झाली." रबियासुद्धा त्यावर हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा.

यंदा मात्र वरच्या मजल्यावरची फरजाना मला मागायला आली तेव्हा रबियाने कपाट उघडलंच नाही.

"या वेळी नाय गं. ईदच्या सुट्टीत आम्हीच चाललोय."

"तुम्ही?" फरजाना म्हणाली. "खरंच, आपा?"

खरंच होतं. जहूरने रजा टाकली होती. नववीतल्या अलिनाने फॉर्म भरले. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. "मम्मी, यू आर मोअर एक्सायटेड दॅन मी." रबियाने मला उन्हात धरलं, ब्रश केला, बेडरूमच्या दारामागे टांगलं. कार्डांच्या तारखेचं तिने जहूरला तीनदा विचारलं. मे अखेरची तारीख आहे, मार्चच्या प्रवासाला ती पुरणार नाही, हे तिला पाठ होतं. "ऑफिस रिन्यू करतंय," तो म्हणाला. "फाइल गेली हाय. तू कशाला डोकं पिकवतेस?"

व्हिसा सेंटरच्या अपॉइंटमेंटला तिघं सकाळी गेली आणि अकराच्या आत परत आली. रबिया आत आली ती बुरखा न काढताच पलंगावर बसली.

"काउंटरवरची पोरगी मना नियम सांगत होती," ती म्हणाली. "मना! इतकी वर्षं मी तो नियम लोकांना सांगते. मी तिला म्हटलं, रिन्यू होतंय, माझे मिस्टर सांगतील. तुम्ही खाली बघत उभे राहिलात."

जहूर दाराशी उभा होता, माझ्या अगदी शेजारी. "रिन्यू होणार नाय, रबिया. कॉन्ट्रॅक्ट खलास. मे अखेर गावी जायचं. लेटर नोव्हेंबरात आलं."

"नोव्हेंबरात?"

"तू खूश होतीस. कसं सांगू?"

रबिया रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. "नोकरी गेली ते कुणाच्याही नशिबी येतं," ती म्हणाली. "मी रागावले नसते. पण चार महिने तुम्ही मना बॅग भरू दिलीत. लोक जिन्यात हसतात ते मना ऐकू येत नाय वाटतं? तुम्ही तर घरात हसलात."

"हसलो नाय गं," जहूर म्हणाला. मला वाटतं, तो खरंच हसला नव्हता. त्याला फक्त घाबरायची सवय होती.

दोन दिवसांनी फरजाना पुन्हा आली. बातमी जिन्यातून वर पोचायला वेळ लागत नाही. "आपा, वाईट झालं. पण आता तुमचं जाणं नाय, तर कोट..." रबिया स्वयंपाकघरात होती. जहूरने मला दारामागून काढलं आणि फरजानाच्या हातात दिलं. "घेऊन जा. नायतरी पडूनच हाय."

रबिया पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने मला फरजानाच्या हातातून ओढून घेतलं. तिची पिठाची बोटं माझ्या कॉलरवर उमटली. नंतर तिने ती पुसली नाहीत.

मे अखेरीस घर रिकामं झालं. भांडी गेली, कपाट गेलं, वही तिने कचऱ्याच्या पिशवीत कोंबताना मी पाहिली. बॅगांचं वजन झालं तेव्हा जहूर म्हणाला, "हा कोट राहू दे. रत्नागिरीत काय करायचा?" रबियाने मला अंगात घातलं.

मित्रांनो, दुकानातून आणल्यापासून तिने मला एकदाही घातलं नव्हतं. नवा राहावा म्हणून. अकरा वर्षांत ती रुंद झाली होती. बाह्या काखेत रुतल्या, मधलं बटण काजापर्यंत पोचेना. तिने श्वास ओढून पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग दोन्ही हातांनी मला पुढे धरून ती तशीच खाली उतरली, बेचाळीस डिग्रीत. वॉचमन बघत राहिला. टॅक्सीत तिच्या पाठीचा घाम माझ्या अस्तरात उतरत होता. "काढ तो, लोक बघतायत," जहूर म्हणाला.

"बघू देत. मी बघायला कुठे जातेय?"

विमानतळावर तपासणीला कोट काढावाच लागतो. तिने मला ट्रेमध्ये ठेवलं, पट्ट्यावरून मी पलीकडे गेलो. तिने आपली पर्स घेतली, चपला घातल्या.

"मम्मी, युअर कोट," अलिना म्हणाली.

रबियाने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. "माझा नाय तो," ती म्हणाली आणि चालू लागली. अलिना क्षणभर थांबली आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "अब्बा, तुम्ही तरी घ्या." जहूरने हात पुढे केला आणि मागे घेतला.

आता मी हरवलेल्या वस्तूंच्या फळीवर आहे. शेजारी एक छत्री आहे आणि लहान मुलाचा एक बूट. मला वाईट वाटतं का? वाटतं. मी सात वेळा व्हिएन्ना पाहिलं, त्याची मला लाज वाटते.

मित्रांनो, एकच मागणं आहे. तुमच्या घरातही एखादीने असंच काही नवं राहावं म्हणून जपून ठेवलं असेल. तिच्याकडे ते उसनं मागू नका. आज, आत्ता तिला ते घालायला सांगा. आणि बटणं लागतात तोवर तिला घेऊन जा.