मेहुण्याचा वर्ग

नवा नियम आला आणि ठेकेदाराच्या कपाळाला आठी पडली. प्रत्येक टोळीतल्या एकाने जंगल-जोपासनेच्या वर्गाला जायचं, नाहीतर तोडीचा परवाना नाही. कामाचा माणूस आठवडाभर बाकावर बसवणं त्याच्या जिवावर आलं. म्हणून त्याने बायकोच्या धाकट्या भावाला पाठवलं. मेहुणा टोळीत असला काय न् नसला काय, झाडांना फरक पडत नव्हता. करवत सुरू करायलाच त्याला दुपार व्हायची.

मेहुणा परत आला तो निराळाच होऊन. सकाळीच रानात शिरायचा आणि खोडांना लाल फिती बांधत सुटायचा. याच्या ढोलीत घुबड आहे, हे ओढ्याच्या काठचं आहे, कशालाच हात लावायचा नाही. ठेकेदाराला आधी वाटलं, आळसाला नवं नाव मिळालंय. पण पठ्ठ्या घामाने निथळत होता. आळशी मेहुण्यावर खेकसता येतं. कामाला लागलेल्याचं काय करायचं, हे ठेकेदाराला ठाऊक नव्हतं.

त्याने बायकोकडे गाऱ्हाणं नेलं. ती म्हणाली, भाऊ जन्मात पहिल्यांदा मन लावून काहीतरी करतोय. त्यात कुणी मोडता घातला, तर स्वयंपाकघरातही बंदी लागू होईल.

मग तपासणीला साहेब आले. ठेकेदाराने मेहुण्याला मुद्दाम लांब धाडलं होतं, पण फिती सोडायच्या राहून गेल्या. साहेब त्या पाहून हरखले. असा दूरदृष्टीचा ठेकेदार आपण पाहिला नाही म्हणाले आणि रान आदर्श ठरवून गेले. दुसरे ठेकेदार ते बघायला येऊ लागले. हा मान खाली घालून कौतुक झेलायचा. वर केली की विकता न येणारी झाडं दिसायची.

पुढे मेहुण्याला वर्गावर शिकवायलाच बोलावलं. ठेकेदाराने सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात नियम वाढला: आता ठेकेदारांनीही शिकायचं.

त्याला नेमकी पुढच्या बाकावर जागा मिळाली. मेहुण्याने फळ्यावर एक जुनं, पोकळ झाड काढलं आणि हे का ठेवायचं, असं त्यालाच विचारलं.

"अरे, ते कोण विकत घेणार?" ठेकेदार म्हणाला.

वर्ग हसला. मेहुणा हसला नाही. "भावोजी, घरी अरे-तुरे. इथे उभं राहून उत्तर द्यायचं."

ठेकेदार उभा राहिला. घसा खाकरला.

"सर," तो म्हणाला, "त्याच्या सावलीत कोवळी रोपं तग धरतात."

"बरोबर. बसा."

तो बसला, आणि आपल्याला आनंद झालाय हे कळल्यावर त्याला स्वतःचाच भयंकर राग आला.