तंबूच्या सिनेमाचं खोकं

मच्छिंद्रनं ते खोकं पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटाच आला. मंचरला एका कांदे साठवायच्या बराकीत, फुटक्या क्रेटांच्या मागं, छातीइतकं उंच सागवानी खोकं पडलं होतं. वर कोंबड्यांची घाण, आत उंदरांचा संसार. फाटक्या जाळीतून त्यानं हात घातला, परातीएवढा कागदी कोन बोटांना लागला, आणि मच्छिंद्र ओरडलाच, "आयला! ह्यो तर तंबूचा स्पीकर!"

बराकीचे मालक सोपानशेठ. त्यांचे वडील जत्रेजत्रेला तंबू ठोकून सिनेमा दाखवायचे. मग घरोघरी केबल आली, तंबू गुंडाळला, आणि ज्या खोक्यासमोर चार गावं आ वासून बसायची त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. असं असतं बघा नशीब! "ने राव, जागा तरी मोकळी व्हईल," शेठ म्हणाले. शेठचा विचार बदलायच्या आत मच्छिंद्रनं टेम्पो आणलासुद्धा.

आता एवढी घाई कशापायी, ते सांगायलाच पाहिजे. मच्छिंद्र आळे गावचा. घराणं मेंढरांमागं फिरलेलं, पण ह्याला लहानपणापासून नाद स्पीकरचा, म्हणून आळेफाट्यावर त्यानं दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. बाप सोमाजी म्हणजे ओव्यांचा राजा. बिरोबाच्या जत्रेत सोमाजीनं देवाचं नाव घेऊन सुंबरान मांडलं की बसलेला माणूस जागचा हलायचा नाही. मागच्या जत्रेला लेकानं मोठ्या हौसेनं बापापुढं माईक ठेवला, देवळावर दोन जुने भोंगे चढवले, आणि भोंग्यांनी घात केला. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं न उघडलं तोच माईकनं अशी शिट्टी मारली की सगळ्यांनी कानांत बोटं घातली. पाठोपाठ जो आवाज आला तो, खोटं कशाला बोला, शेळी ओरडल्यासारखा. लोक खदखदून हसले. सोमाजीनं माईक खाली ठेवला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि घर गाठलं. त्या दिवसापासून ओवी बंद. घरात नाही, रानात नाही. "माजा आवाज फाटला," एवढंच म्हणायचा.

फाटका होता तो भोंगा! पण त्या हट्टी म्हाताऱ्याला कोण सांगणार? सोमाजीनं सत्तरी ओलांडलेली. ह्या जत्रेत गायला नाही तर तो आवाज गेला तो गेलाच, हे मच्छिंद्रला पक्कं कळत होतं, आणि ते त्याला खात होतं.

खोकं अंगणात उतरलं तशी शीलानं, त्याच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. "लोकं फ्रीज आनत्यात, टीव्ही आनत्यात. तुमी खुराडं आनलं?"

"खुराडं न्हाई गं, सोनं हाय सोनं!"

बोलली खरी, पण घासायला तीच बसली. आतली कॉइल शाबूत निघाली, लोहचुंबक तर असा की त्यानं पान्हाच धरून ठेवला. कोन मात्र उंदरांनी कुरतडलेला, आणि त्याची कड पापडागत मोडून पडलेली. असला कोन बाजारात कुठला मिळायला? मच्छिंद्रनं पतंगाचा कागद आणला आणि घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली विद्या काढली. चिंचोके भाजले, भिजवले, कुटले, त्याची खळ शिजवली. घोंगडीच्या सुताला ताठपणा येतो तो ह्याच खळीनं. ठिगळं चिकटवली, नवी कापडी कड लावली, आणि कोनापासून कडेपर्यंत सगळ्याला खळ फासून उन्हात ठेवलं. वाळल्यावर वाजवून बघतो तर काय, पडसं झालेल्या माणसानं नाक दाबून बोलावं तसा आवाज!

गड्याचं तोंड एवढंसं झालं. इतक्यात ओसरीवरून, भिंतीकडं तोंड करून पडलेला सोमाजी गुरगुरला, "खळ कुनी शिजवली? करपल्याला वास येतोय." उठला, खोक्यापाशी आला, बोटानं कोन दाबून बघितला. "आरं येड्या, कडंला बी खळ? मेंढराला दावं बांधावं, गळा आवळू न्हाई." आणि परत जाऊन पडला.

मच्छिंद्रनं टुणकन उडीच मारली. बरोबर! कोन ताठ पाहिजे, पण हलायला कड मोकळी नको का? त्यानं ती कड टराटरा काढली, शीलाच्या जुन्या पातळाची मऊसूत कड लावली, बिनखळीची. खोकं मागून उघडं होतं ते फळी ठोकून बंद केलं, आणि रांजणात बोलल्यासारखं घुमू नये म्हणून आतून सगळीकडं मेंढीची लोकर ठासली. मग ढोलाची कॅसेट लावली.

काय सांगू राव! ढोलावर थाप पडली आणि फळीवरची भांडी थरथरली. काठी ढोलावर पडल्याचं कळत होतं, हात फिरल्याचं कळत होतं. शीला चुलीपुढून पळत आली. "आगं बया! आतमदी कोन बसलंय का वो?" मच्छिंद्र नुसता हसत सुटला, हसता हसता डोळे पुसत राहिला.

जत्रेच्या सकाळी सासऱ्यापुढं चहा ठेवत शीलानंच विषय काढला. "मामंजी, देवाफुडं एकडाव तरी म्हना."

सोमाजीनं बशी खाली ठेवली. "म्हनतो. पन शिट्टी वाजली ना, तर मरस्तवर पुन्यांदा तोंड उघडायचो न्हाई. सांग तुज्या नवऱ्याला."

दुपारी देवळापुढचं पटांगण माणसांनी फुललं. खोकं एका कडेला, लोकांकडं तोंड करून. आवाज कमीजास्त करायच्या मशीनच्या बटणावर शीला, खोक्यापाशी मच्छिंद्र. सोमाजीनं भंडारा कपाळी लावला, माईक हातात घेतला, डोळे मिटले आणि पहिली ओळ टाकली.

खर्जातला, भरदार, ओलसर आवाज पटांगणावर पसरला. कोणी हसलं नाही. हलेनासुद्धा. आणि सोमाजीच मधे थांबला!

तो खोक्याकडं बघत होता. चेहरा पांढराफटक. "मच्छिंद्रा," तो म्हणाला, आणि तेही सगळ्यांनी ऐकलं, "आरं, ह्यो तर माजा बा गातोय."

बरोबरच होतं. माणसाला स्वतःचा आवाज कधी असा बाहेरून ऐकू येतो? तरुणपणी बापामागं सुरात सूर लावून झील ओढलेला सोमाजी स्वतःच बापाच्या वयाचा झाला होता, आणि गळाही बापाचाच झाला होता.

त्यानं पुढची ओळ घेतली आणि माईक हातात धरूनच खोक्याच्या तोंडाकडं चालायला लागला. मेलो, मच्छिंद्र मनात म्हणाला. माईक स्पीकरसमोर गेला की शिट्टी ठरलेली!

"शीले, कमी कर!"

शीलानं आवाज कमी केला. झालं, म्हातारा आणखी भराभर पुढं! आपला बा लांब चालला असंच वाटलं असणार त्याला. मच्छिंद्रनं खोक्याला मिठी मारली आणि ओढलं मागं. सोमाजी एक पाऊल पुढं, खोकं एक पाऊल मागं. लोकांना वाटलं ही नवीन काहीतरी तऱ्हा आहे; त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. मच्छिंद्र घामानं निथळला, दातओठ खात ओढत राहिला, आणि पाठीला देवळाची भिंत लागली. आता कुठं जाणार?

कूंऽऽ... बारीक शिट्टी उठली. टाळ्या थांबल्या.

सोमाजी जागीच थबकला. हातातल्या माईककडं बघितलं, लेकाच्या घामेजल्या तोंडाकडं बघितलं. मग त्यानं माईक मच्छिंद्रच्या हातात कोंबला. "धर. तकडं लांब उभा ऱ्हा आन् तू म्हन."

"आबा, मी? मला कुठं—"

"बारका व्हतास तवा मेंढरांमागं म्हनत व्हतास, मला काय ठावं न्हाई व्हय? म्हन. मला हितं बसून आयकायचंय."

मच्छिंद्र लांब जाऊन उभा राहिला आणि बापानं सोडलेली ओळ त्यानं उचलली. आवाज कापला, एकदा चिरकला, पण सावरला. शीला बटणावर हात ठेवून बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवरा गातो हे तिला आज कळत होतं.

सोमाजी खोक्याला टेकून खाली बसला. त्यानं लाकडाला कान लावला, डोळे मिटले, आणि लेकामागं झील ओढायला लागला, अगदी पोरसवदा गड्यासारखी, मान डोलावत. एक ओवी झाली, दुसरी झाली. मग डोळे न उघडताच त्यानं सुनेला हात केला.

"शीले," म्हातारा म्हणाला, "आता वाढव."